दोघे उरले तरी

काही प्रश्न सभेपुढे येतात तेव्हा हिशेबाचे वाटतात आणि सभा संपवून घरी परतताना नीतीचे होऊन बसतात. असा एक प्रश्न भिलाईच्या सिविक सेंटरच्या परिसरात आमच्यापुढे आला आणि आम्ही तो हिशेबाने सोडविला. ते उत्तर चुकले, असे आता आम्हांस वाटते.

हकीगत साधी आहे. येथील एका मंडळाच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी कराटेचा वर्ग भरत असे. शिकविणारे गृहस्थ कारखान्यात नोकरीला. पहिली पाळी संपवून, दोन घास खाऊन ते वर्गावर येत. एके काळी पांढऱ्या पोषाखातील मुलांच्या रांगा पार व्हरांड्यापर्यंत लागत. पुढे २०२० चा मार्च उजाडला. माणसाने माणसापासून दूर राहावे असा हुकूम निघाला, आणि जी विद्या मुळातच दुसऱ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून शिकायची, तिचे दार बंद झाले. दार पुन्हा उघडले तेव्हा निम्मी मुले आली नाहीत. नंतर कोणाची दहावी आली, कोणाची शिकवणी लागली, कोणाच्या वडिलांची निवृत्ती होऊन सेक्टरमधले क्वार्टर रिकामे करावे लागले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कराटेचा प्रथमच समावेश झाला तेव्हा काही नवे चेहरे दिसू लागले होते. २०२४ च्या पॅरिसच्या ऑलिंपिकमधून तो खेळ वगळला गेला, तोवर तेही दिसेनासे झाले. शेवटी चार मुले राहिली, आणि चारही एकाच दिवशी येत असे नाही.

कार्यकारिणीच्या सभेत कोणी वाकडा शब्द काढला नाही. सर्वांनी गुरुजींच्या चिकाटीची स्तुती केली. मग सभागृह लग्नमुंजींना दिल्यास किती भाडे येते आणि कराटेच्या वर्गाकडून वर्षभरात काय आले, हे आकडे वाचून दाखविण्यात आले. हात वर करण्याची वेळ आली तेव्हा आमचाही हात वर गेला. आम्हां नोकरदार मंडळींच्या हाताला ती सवयच असते. ज्या प्रकरणात पुढे काही घडण्यासारखे नाही, ते नस्तीबद्ध करावे. त्यात कोणाचा द्वेष नसतो, फक्त टेबल मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी घेऊन परतताना ते गृहस्थ आम्हांला एका दिव्याच्या खांबाखाली मोकळ्या जागेत दिसले. हातात खराटा होता. खडे, कागद, चहाचे कागदी पेले बाजूला सारून त्यांनी चौकोनी जागा स्वच्छ केली होती, आणि दोन मुले अनवाणी उभी होती. त्यांनी आम्हांस पाहिले, नमस्कार केला, आणि म्हणाले, ‘‘इथे हवा बरी आहे, साहेब.’’ त्या वाक्यात टोमणा असता तर आम्हांला सोपे गेले असते.

तेव्हापासून प्रश्न मनात घोळत आहे. चार मुलांसाठी एखादी संस्था चालू ठेवावी काय? तीन? दोन? हा आकडा कोठे थांबतो?

ज्यांना कराटेच्या अर्वाचीन परंपरेचे मूळपुरुष मानतात ते गिचिन फुनाकोशी ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर होते. जन्म १८६८ चा. नोकरीत त्यांना बढती मिळत होती. पण तीसाठी दूरच्या गावी जावे लागले असते आणि ज्या दोन गुरूंकडे ते रात्री शिकायला जात त्यांच्यापासून तुटावे लागले असते, म्हणून त्यांनी ती नाकारली. त्यांच्या आत्मवृत्तातील ही गोष्ट वाचताना आम्ही थोडे ओशाळलो. आम्ही आयुष्यात एकही बढती नाकारलेली नाही, आणि प्रत्येक बढतीबरोबर मागे काय सुटले याची यादीही केलेली नाही. हेच फुनाकोशी १९२२ साली एका प्रात्यक्षिकासाठी टोकियोस आले आणि तेथेच राहिले. पन्नाशी उलटलेला हा गुरू विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राही, आणि राहण्याच्या मोबदल्यात पहारा, बागकाम, झाडलोट करी. पुढे शिष्यांनी वर्गणी जमवून त्यांच्यासाठी ‘शोतोकान’ नावाची शाळा बांधली. १९४५ च्या बाँबहल्ल्यांत ती जळाली. त्याच वर्षी, जो मुलगा शाळा सांभाळीत होता तो क्षयाने वारला. १९४७ साली पत्नीही गेली. कित्येक शिष्य युद्धावरून परतलेच नाहीत. गुरुजींचे वय ऐंशीच्या घरात. तरीही उरलेल्या शिष्यांनी एकमेकांना शोधून काढले, १९४९ साली पुन्हा संघटना उभी केली, आणि म्हाताऱ्या गुरूला मध्ये बसविले.

येथे कोणी ह्या मंडळींस देवत्व देईल म्हणून सांगावेसे वाटते की, १९५७ साली फुनाकोशी वारले तेव्हा त्यांचा अंत्यविधी कोणी करावा ह्यावरून ह्याच शिष्यांत फूट पडली. आगीत जे टिकले ते मानपानात दुभंगले. आपल्या मंडळांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ह्यात जपानी असे काहीच दिसणार नाही.

परंतु १९४५ नंतर नेमके काय शिल्लक होते म्हणून काम पुन्हा सुरू झाले? इमारत नव्हती, पैसा नव्हता. एकट्याने करण्याचा सराव, ज्याला ‘काता’ म्हणतात, तो मात्र प्रत्येकाजवळ होता. तो ठराविक पवित्र्यांचा क्रम असतो आणि अंगणातही करता येतो. एवढ्यावर भागत असते तर त्यांना एकमेकांना शोधण्याची गरज नव्हती. भागत नव्हते, हे महत्त्वाचे. कारण ह्या विद्येचा दुसरा अर्धा भाग, ‘कुमिते’, हा दोघांचा आहे. शोतोकान परंपरेत सर्व जोर लावून मारलेला ठोसा समोरच्याच्या चेहऱ्यापुढे बोटभर अंतरावर थांबवावयाचा असतो. मारणे एकट्याला शिकता येते. थांबणे शिकावयाचे तर समोर चेहरा हवा, आणि त्या चेहऱ्याने तुमच्यावर विश्वास टाकून तेथे उभे राहिले पाहिजे.

आपल्याकडच्या तालमींना हे सांगावयास नको. जोर-बैठका घरी मारता येतात. कुस्ती घरी होत नाही, तिला जोड लागतो. पैलवान ‘जोड’ म्हणतो, शत्रू म्हणत नाही, ह्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी तालमींना केवढा आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान कसे उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. महाराज १९२२ साली गेले, १ मार्च १९४९ रोजी संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले, आणि राजाश्रयाचे उरलेसुरले छत्रही गेले. तालमी तरीही राहिल्या, कारण त्या पेठांच्या होत्या. मात्र त्या जशाच्या तशा राहिल्या नाहीत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे आज कोल्हापूरकर घेतो ती बहुधा फुटबॉलच्या सामन्यासंबंधी. कोणी म्हणेल, मग तालीम उरली कोठे? आमच्या मते हा प्रश्न पाटीवरच्या अक्षरांचा नाही. पेठेतल्या पोराला संध्याकाळी आपल्या तोडीचा दुसरा पोर भेटतो की नाही, एवढेच पाहावयाचे. ज्या तालमीत लाल माती अजून आहे तिथली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तीत ताक, तेल, लिंबू, हळद घालतात, पण खरी मशागत पायांची असते. रोज उकरली नाही, तुडवली नाही, तर ती दगडासारखी घट्ट होते. २०२० च्या टाळेबंदीत मल्ल आपापल्या गावी शेतावर गेले, जत्रांची मैदाने रद्द झाली, आणि ह्या मातीला तुडवायला पाय उरले नाहीत.

आमच्या गुरुजींनी त्याच काळात केलेली एक गोष्ट आम्हांस नंतर कळली. टाळेबंदीत ते मोबाइलच्या पडद्यावरून काता शिकवीत. काही पालक पूर्ण फी पाठवू लागले. त्यांनी निम्मी परत केली. ‘‘अर्धीच विद्या पोचते आहे,’’ एवढेच त्यांचे कारण. ज्यांनी काहीच पाठविले नाही त्यांची नावे त्यांनी हजेरीपटावरून काढली नाहीत. किंबहुना तो पट आम्ही स्वतः पाहिला आहे: गाव सोडून गेलेल्या मुलांच्या नावांवरही काट मारलेली नाही, पुढे फक्त गावाचे नाव लिहिले आहे. पुणे, बंगळूर, नागपूर, कोटा.

भिलाईत असा हजेरीपट ठेवण्याला विशेष अर्थ आहे. हे सारे नगरच आलेल्यांचे आणि जाणाऱ्यांचे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. मराठी माणसाला तर हा मुलूख परका वाटण्याचे कारण नव्हते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर शहर एकाच राज्यात होते. पुढे तो नव्या मध्यप्रदेशात राहिला, २००० साली छत्तीसगडात आला, आणि येथे स्थिरावलेला माणूस जागचा न हलता परप्रांतीय ठरला! अशा गावी जी संस्था निघते ती पाहुण्यांनीच काढलेली असते. तिच्यातून माणसे गळत राहणे हा तिचा रोग नव्हे, तिची प्रकृती आहे. म्हणून जो गेला त्याला बेइमान म्हणण्याचा अधिकार राहणाऱ्याला नाही. अडचणीच्या दिवसांत संस्था मोडतात त्या पुष्कळदा माणसे गेल्यामुळे नव्हे, तर उरलेले चौघे गेलेल्यांचा हिशेब मांडीत बसल्यामुळे. रोज वर्गाच्या आधी दहा मिनिटे गैरहजर मुलांच्या आईबापांना नावे ठेवणारा शिक्षक आमच्या पाहण्यात आहे. हजर मुलांनाही मग तेथे थांबावेसे वाटत नाही.

आणि प्रत्येक संस्था जगविलीच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. जिचे एकमेव कार्य म्हणजे दरवर्षी आपली कार्यकारिणी निवडणे, अशाही एका संस्थेचे आम्ही सभासद होतो. तिचे कपाट होते, कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली कोणाकडे असावी यावर वाद होता. ती बंद पडली तेव्हा कोणाच्याही संध्याकाळीतून काहीही वजा झाले नाही. मग फरक कशाने करावा? संख्येने करता येत नाही, हे आम्हांला खराट्याच्या त्या दृश्याने शिकविले. त्या बंद पडलेल्या संस्थेचे सभासद शंभरावर होते. जे एकट्याने घरी होऊ शकत नाही असे काही तेथे दोन माणसांमध्ये घडते काय, एवढेच विचारावे. घडत असेल तर दोन हा आकडा पुरेसा आहे. उद्या पन्नास होतील अशी आशा त्याला जोडण्याचीही गरज नाही. सभेत आम्ही ‘पुढे वाढण्याची शक्यता नाही’ असे म्हटले होते. त्या दिवशी त्या दोघांत काय चालले होते हे आम्ही विचारलेच नाही.

आणखी एक शंका आमच्यातल्याच एका बदलीवाल्याने काढली: मी तर दोन वर्षांनी जाणार, मग मी कशाला गुंतू? ह्याला आमच्याजवळ पक्के उत्तर नाही. एवढेच दिसते की फुनाकोशीही टोकियोत बाहेरगावचेच होते, आणि आमचे गुरुजीही निवृत्तीनंतर येथे राहतीलच असे नाही. जो आज गावात आहे त्याच्याच हातात खराटा येतो. त्यात त्याचा मोठेपणा असलाच तर तो योगायोगाचा.

गेल्या महिन्यात सभेपुढे आम्ही तो ठराव फिरवून मांडला. तो अद्याप संमत झालेला नाही. लग्नसराई संपल्यावर पाहू, असे ठरले आहे. दरम्यान परवा संध्याकाळी आम्ही त्या दिव्याच्या खांबाजवळून जात असता एकच मुलगी आलेली होती. गुरुजींचा खांदा दुखावला होता, हात गळ्यात बांधलेला. तिचा काता करून झाला होता आणि ती नुसती उभी होती. गुरुजींनी आमच्याकडे पाहिले.

‘‘साहेब, पाच मिनिटे उभे राहता का? काही करायचे नाही. फक्त डोळे मिटायचे नाहीत.’’

आम्ही पिशवी खाली ठेवली, वहाणा काढल्या, चष्मा काढून खिशात घातला. मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल. तिने वाकून नमस्कार केला; आम्हीही वाकलो. पहिल्या वेळी आम्ही डोळे मिटले. तिने हात खाली घेतला आणि वाट पाहिली. दुसऱ्या वेळीही मिटले. तिसऱ्या वेळी मूठ नाकासमोर येऊन थांबली तेव्हा ती आम्हांला दिसली. तिच्या बोटांच्या सांध्यांवर खडूसारखी पांढरी धूळ होती.