घाबरलेल्या जिवाला घरचे पांघरूण

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, आणि दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर (सल्ल.).



एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. मशीद बुलढाण्याची असो, खामगावची किंवा मलकापूरची. शुक्रवार आहे, खुतबा चालू आहे आणि मशीद माणसांनी भरलेली आहे. मधल्या सफमध्ये बसलेल्या एका तरुणाचे हृदय एकाएकी धडधडू लागते. श्वास पुरत नाही, तळहातांना घाम येतो, छाती आवळली जाते. आपण आत्ता, याच क्षणी मरणार, असे त्याला वाटते. माणसांतून वाट काढत तो बाहेर येतो आणि हौदाच्या काठावर बसतो. अर्ध्या तासात सारे शांत होते. इस्पितळात हृदयाचा आलेख काढला जातो, तो निर्दोष निघतो. पुढच्या शुक्रवारी मात्र मशिदीच्या पायरीवर त्याचे पाय अडखळतात. मग तो बसमध्ये चढणे टाळतो, बाजारात जाणे टाळतो आणि शेवटी घराचा उंबरठाही त्याला अवघड होतो.

घरी काय घडते? कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, कसला तरी असर आहे. आणि एखादे वडीलधारे म्हणतात, “ज्याचे ईमान पक्के असते, त्याला भीती वाटत नाही. नमाज नीट पढ, सगळे ठीक होईल.” आजाराने जितके दुखावले नसेल तितके हे वाक्य त्या मुलाला दुखावते. आता त्याला मरणाची भीती वाटते, आणि आपण अल्लाहपासून दूर गेलो आहोत, ही भीतीही वाटते.

या विकाराला वैद्यकशास्त्र पॅनिक डिसऑर्डर म्हणते. धोक्यापासून वाचावे म्हणून अल्लाहने आपल्या शरीरात एक व्यवस्था ठेवली आहे. कपाशीच्या शेतात पायाजवळ साप दिसला, तर विचार करण्याआधीच हृदय वेगाने धावते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात आणि माणूस उडी मारून बाजूला होतो. ही अल्लाहची कृपाच आहे. या विकारात साप नसतानाही तीच घंटा वाजते. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखराला पोहोचतो आणि नंतर ओसरतो. असे झटके वारंवार येऊ लागले, पुढच्या झटक्याच्या धास्तीत महिना महिना जाऊ लागला आणि माणूस ठिकाणे टाळू लागला, की त्याला आजार म्हणावे. मधुमेह हा जसा ईमानाचा दोष नाही, तसा हाही नाही.

भीती आणि ईमान एकाच हृदयात राहू शकतात, याची साक्ष पवित्र कुरआन देतो. फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा हजरत मूसा (अलै.) यांनी आपली छाती कोंडते, जीभ मोकळी चालत नाही, असे आपल्या पालनकर्त्याला सांगितले आणि भाऊ हारून (अलै.) यांची सोबत मागितली (सूरह शुअरा). जादूगारांच्या दोऱ्या सापांसारख्या भासल्या तेव्हाही त्यांच्या मनात भीती दाटली (सूरह ताहा). बाळाला नदीत सोडल्यानंतर त्यांच्या मातेचे हृदय रिते झाले होते आणि अल्लाहनेच ते सावरले (सूरह कसस). यांपैकी कोणालाही अल्लाहने भीतीबद्दल दोष दिला नाही. मूसांना सोबत हवी होती, अल्लाहने सोबत दिली.

आता हिरा गुहेतून परतण्याचा प्रसंग आठवा. पहिल्या वह्यीनंतर प्रेषित (सल्ल.) घरी आले तेव्हा त्यांचे हृदय थरथरत होते. तो प्रसंग आजाराचा नव्हता, तो प्रेषितत्वाचा महान क्षण होता. या दोन गोष्टींची तुलना कोणी करू नये. परंतु त्या घडीला हजरत खदीजा (रजि.) कशा वागल्या, हा प्रत्येक घरासाठी धडा आहे. सहीह बुखारीतील या वृत्तांतानुसार त्यांनी तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, त्यांनी पांघरूण घातले आणि भीती ओसरेपर्यंत थांबल्या. आधी प्रश्न विचारले नाहीत, उपदेश केला नाही. आपणही झटक्याच्या वेळी हेच करावे. भोवती गर्दी करू नये. जवळ बसून हळू आवाजात सांगावे, “मी इथेच आहे, हे थोड्या वेळात जाईल.” त्याच्यासोबत चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सावकाश सोडावा. सोडताना मनात अल्लाहचे नाव घ्यावे. मात्र छातीत प्रथमच दुखत असेल, तर अंदाज न करता तात्काळ इस्पितळ गाठावे. हा हृदयविकार नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

दुसरी गोष्ट, त्यांनी धीर दिला, आणि तो पोकळ नव्हता. तुम्ही नाती जोडता, दुर्बलांचा भार उचलता, पाहुण्यांचा आदर करता, अल्लाह तुम्हाला कधी एकटे सोडणार नाही, या आशयाचे त्या बोलल्या. भेदरलेल्या माणसाला आपल्यातले चांगले दिसेनासे होते, ते दाखवणे घरच्यांचे काम आहे. आपण मात्र पुष्कळदा उलट वागतो. रिश्ता तुटेल म्हणून मुलीचा आजार लपवतो, औषधाची पाकिटे कपाटात दडवतो. ती लेक मग झटक्यासोबत लाजही सोसते.

तिसरी गोष्ट, त्या त्यांना जाणत्या माणसाकडे घेऊन गेल्या. वरका बिन नौफल हे पूर्वीच्या ग्रंथांचे जाणकार होते. जो विषय, त्याचा जाणकार. प्रेषितांनी (सल्ल.) उपचार करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता अल्लाहने ज्याचा उपाय ठेवला नाही असा आजार नाही, असे शिकवले. अबू जैद अल-बल्खी (निधन इ. स. 934) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात भय व घबराट यांना स्वतंत्र प्रकरण आहे. घरात औषध जपून ठेवतात तसे निरोगी असतानाच धीर देणारे विचार मनात साठवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला आहे. हजार वर्षांपूर्वी मुस्लिम विद्वान ज्याला आजार समजून उपाय सांगत होते, त्याला आज आपण केवळ असर म्हणून मोकळे व्हावे काय?

आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून, सर्व धर्मांचे लोक मानसिक रुग्णांना घेऊन येतात. त्यामागे आईबापांची माया असते, अगतिकता असते. त्या मायेचा उपहास करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तिच्या नावाखाली रुग्णाला साखळीने बांधणे आणि औषध बंद करणे हे कोणत्याही बुजुर्गाच्या शिकवणीत बसत नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळताच आले नाही, 28 जीव गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली आहे.

जिन्नांचे अस्तित्व आपण मानतो, कारण कुरआनने ते सांगितले आहे. पण प्रत्येक धडधड त्यांच्या माथी मारावी, असे कुरआनने सांगितलेले नाही. आयतुल कुर्सी पढा, मुअव्विजतैन पढा, दुआ करा आणि औषधही घ्या. उंटाला आधी बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच तवक्कुलची रीत प्रेषितांनी (सल्ल.) शिकवली. शिफा अल्लाहच देतो. डॉक्टर आणि गोळी ही त्याने दिलेली साधने आहेत.

हा विकार उपचारांनी आटोक्यात येतो. समुपदेशनात, टाळलेल्या ठिकाणी पायरीपायरीने परत जाण्याचा सराव करून घेतात. औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नयेत. दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून घेणे तर मुळीच नको, त्यांची सवय जडते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार तज्ज्ञांना भेटावे. जाणे शक्य नसेल तर शासनाच्या टेली मानस सेवेला 14416 या क्रमांकावर केव्हाही विनामूल्य फोन करता येतो. रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा सहरी व इफ्तारला जुळवून घ्याव्यात. जुळत नसतील, तर आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे.

आणि ज्याला हा त्रास आहे त्या भावाला, त्या बहिणीला दोन शब्द. तुमची इबादत कमी झालेली नाही. थरथरत्या हातांनी बांधलेली नियतही अल्लाह पाहतो. उभे राहवत नसेल तर बसून नमाज पढा. मशिदीत दाराजवळ, शेवटच्या सफमध्ये जागा घ्या, आणि मशिदीतल्या भावांनो, ती जागा त्याच्यासाठी न बोलता मोकळी ठेवा. आज पायरीपर्यंत, उद्या वऱ्हांड्यापर्यंत, नंतर आत. अल्लाह कोणावरही त्याच्या ताकदीपलीकडचा भार टाकत नाही. मग आपण तरी का टाकावा?

हे अल्लाह! ज्यांची छाती भीतीने कोंडली आहे, त्यांची छाती मोकळी कर. त्यांच्या घरच्यांना हजरत खदीजांचे (रजि.) धैर्य आणि जिव्हाळा दे. आम्हाला दोष देणारे नव्हे, पांघरूण घालणारे बनव. आमीन.