परिक्रमा आणि परावलंबन

नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांतून जरा मोकळी झालेली मराठी माणसे आता मोठ्या संख्येने नर्मदेच्या पायी परिक्रमेला निघतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने कितीतरी घरांत या वाटेची ओढ लावली. कशासाठी जाता, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते: स्वतःकडे नीट पाहायचे आहे. ही इच्छा खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण असे पाहणे एकांतात, झाडापाण्याच्या सहवासात घडते, हे मला पटत नाही. नर्मदेकाठी माणूस स्वतःला ओळखू लागतो तो दुसऱ्याच्या दारात मागायला उभा राहिल्यावर.

अमरकंटकपासून भरूचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे, म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून जास्त. चातुर्मासात एका जागी थांबायचे. परंपरेने यासाठी तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस सांगितले आहेत. आज बहुतेक जण काही महिन्यांत परततात.

चालल्याने मन शांत होते, असे म्हणतात. सुरुवातीला उलटेच घडते. आधी देह बोलतो: तळव्यांचे फोड, खांदे, गुडघे. तो गप्प झाला की मन सुरू होते. न मिळालेली बढती, भावाशी तुटलेले बोलणे, कुणी चारचौघांत केलेला अपमान, सगळे रांगेने येते, आणि मोबाइल बंद असला की पळायला जागा उरत नाही. हा टप्पा मोलाचा आहे. मात्र तो जगातल्या कुठल्याही लांब वाटेवर गाठता येतो. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर १९४८ मध्ये अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल जॉर्जियापासून मेनपर्यंत चालला, तो युद्धाचे ओझे उतरवायलाच. तिथल्या चालणाऱ्याच्या पाठीवर तंबू, चूल आणि शिधा असतो. आपण आपल्याला पुरे आहोत, हे ती वाट त्याला शिकवते.

नर्मदा नेमके याच्या उलट शिकवते. दिवस कलताना अनोळखी गावात शिरायचे, एखाद्या ओसरीपाशी ‘नर्मदे हर’ म्हणायचे आणि आज इथे आसन लावू का, असे विचारायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर सह्या केलेला माणूस इथे अडखळतो. खिशात पैसे असतात, पण ते चालत नाहीत, कारण समोरची बाई काही विकत नसते. किती मूर्ती, म्हणजे किती माणसे, एवढे विचारून ती सदाव्रत म्हणून पीठ, डाळ, मीठ, मिरची काढून देते. तुमचा हुद्दा तिला नको असतो. तो सांगायला जीभ वळवळते, तेव्हा आपण आजवर कशाच्या जोरावर उभे होतो ते कळते. काही ठिकाणी जात मात्र अजून विचारली जाते. आपल्याला ओसरी इतकी सहज का मिळाली, याचे उत्तर तिथे असते, आणि आत्मज्ञानात तेही धरले पाहिजे.

गावाच्या संथपणाविषयी परतलेले लोक भरभरून बोलतात. त्यांना संथ वाटतो तो त्यांचा स्वतःचा दिवस, कारण त्यांच्या डोक्यावर काम नसते. परिक्रमेचा हंगाम हा नर्मदाकाठच्या निमाडात कापूस वेचणीचाही हंगाम. पीठ देणारी बाई पहाटे उठून, गोठा उरकून, दिवसभर शेतात वाकून आलेली असते. गावाला घाई नसते असे नाही. घाई असूनही आलेल्यासाठी थांबण्याची रीत त्याने टिकवली आहे. शहरात आपण ती कधी सोडली, हा प्रश्न मला निसर्गशांतीच्या गप्पांपेक्षा अधिक टोचतो.

घेणे आपल्याला फार काळ सोसत नाही. म्हणून सातपुड्याच्या वाड्यांवर पोचताच पिशव्यांतून गोळ्या-बिस्किटे निघतात आणि मुले हात पसरून धावत येतात. चालणारा पुन्हा दाता होतो. त्याची माया खरी असेल; पण कालच मिळालेली ओळख तो तिथे पुसून टाकतो आणि त्या मुलांना मागण्याची सवय लावून जातो.

आता ज्या काठाने चालायचे, तोच पुष्कळ ठिकाणी उरलेला नाही. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ पासून टप्प्याटप्प्याने हा काठ चालले. त्यांनी पाहिलेल्या वाटेचा मोठा भाग बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या पाण्याखाली गेला. हरसूद हे नांदते गाव २००४ मध्ये उठवले गेले. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर बुडाले. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि निमाडातली घरे-शेते बुडाली. परिक्रमावासी पाणी टाळून खेतिया, शहादा, प्रकाशा असा रस्त्याने पुढे जातो. त्याला वळसा घालता येतो. ज्यांची जमीन गेली त्यांना असा वळसा नाही. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे याच सरोवराच्या बुडितात आली. ती महाराष्ट्रातली, म्हणून आपली. तरी मराठी परिक्रमावर्णनांत त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात.

आपल्या मनाचा तळ शोधत निघालेल्या माणसाने पायाखालची गावे कुठे गेली हे विचारलेच नाही, तर त्याचा शोध अर्धाच राहिला, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या पिठावर आपण चाललो त्यांचे जगणे कळल्याशिवाय आपले जगणे कळत नाही.

कार्तिकी एकादशीनंतर निघणार असाल, तर अंतराचा हिशोब सैल ठेवा. बुडिताच्या कडेच्या एखाद्या वाडीत दोन दिवस जास्त राहा. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली का, ती पिकते का, मुलांची शाळा कुठे आहे, हे विचारा, आणि परतल्यावर स्वतःच्या अनुभवाआधी हे लिहा.