वजनासाठी धरलेला उपवास देवाला पोचतो का?

शंका : यंदा नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहायचं ठरवलं आहे. देवीवर श्रद्धा आहेच. पण खरं सांगायचं तर भावाच्या लग्नाआधी आठ किलो वजनही उतरवायचं आहे. असा दुहेरी हेतूचा उपवास देवीला चालेल का?
– एक भगिनी, सोलापूर

समाधान : ताई, फळाची इच्छा धरून केलेल्या व्रताला आपल्याकडे काम्य व्रत म्हणतात. आरोग्यासाठी, संततीसाठी अशी व्रतं पूर्वापार चालत आली आहेत. तेव्हा वजनाचा विचार मनात आला म्हणून तुमची भक्ती खोटी ठरत नाही. मात्र वजन हा हेतू असेल, तर त्याचा हिशेबही नीट मांडायला हवा.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. दिवसाला दोन हजार कॅलरी खर्च होतात असं धरलं, तर अन्नाचा कणही न घेता दिवसाकाठी पाव किलोच चरबी जळेल. नऊ दिवसांत दोन-सव्वादोन किलो. काटा याहून जास्त खाली येतो, कारण यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा पहिल्या एक-दोन दिवसांत संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी शरीराबाहेर जातं. दसऱ्याला जेवू लागलात की ते पाणी परत येतं. मधल्या दिवसांत झिजलेले स्नायू मात्र इतक्या सहज परत येत नाहीत.

देवीसाठी उपवास करायचा तर परंपरेने सोप्या वाटा दिल्या आहेत. अनेक घरांत उठता-बसता उपवास असतो : घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी. कुणी एकभुक्त राहतं, कुणी धारणं-पारणं करतं. त्यातलं झेपेल ते घ्या. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स यांच्याऐवजी भगर, ताक, काकडी, फळं घ्या. वजनाचं काम नवरात्रानंतर सावकाश, काही महिन्यांच्या बेताने करा.

शंका : वय ६२, मधुमेह आहे. चातुर्मासातल्या एकादश्या निर्जळ करतो. औषधाने उपवास मोडतो असं वडील सांगत, म्हणून त्या दिवशी गोळी टाळतो. कधी घेतलीच तर घाम फुटतो. काय करावं?
– एक वाचक, सातारा

समाधान : काका, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध त्यांत आहेत, गुरूची आज्ञा आहे आणि औषधही आहे. त्यामुळे गोळीने एकादशी मोडते हा धाक मनातून काढून टाका.

तुम्हाला फुटणारा घाम हा धोक्याचा इशारा असू शकतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसतानाही साखर खाली ओढत राहते. साखर ७०च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असं झालं तर लगेच साखरपाणी प्या. तिथी मनात आणू नका. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका. उपवासाआधी डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांची नावं दाखवा आणि ‘उपवास करू का, केला तर डोस कसा घेऊ’ हे विचारा. निर्जळ मात्र या वयात सोडाच. फलाहार आणि नामस्मरण यांनी तुमची एकादशी पूर्ण होते.

शंका : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. व्हिडिओ पाहून सात-सात दिवस फक्त पाण्यावर राहतो. टोकलं की म्हणतो, ‘जैन लोक अठाई करतात, गांधीजी एकवीस दिवस उपाशी राहिले, उपवासावर जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं.’ घरात रोज ताटावरून भांडण होतं. त्याला काय सांगू?
– एक आई, नाशिक

समाधान : ताई, त्याच्या तिन्ही दाखल्यांत तथ्य आहे, पण तो ते अर्धेच सांगतो. अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास करणारा जैन साधक गुरूंकडून पच्चक्खाण (व्रताची प्रतिज्ञा) घेतो, उकळलेलं पाणी पितो, तेही सूर्यास्ताच्या आत. घर आणि संघ त्याच्या पाठीशी असतो आणि त्याची धडपड कर्मनिर्जरेसाठी, म्हणजे कर्मांचा क्षय व्हावा म्हणून असते. गांधीजींचा उपवास १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाला. डॉक्टर उशाशी होते, तरी प्रकृती चिंताजनक झाली, तेव्हा त्यांनी पाण्यात मोसंबीचा रस घेतला. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं ते यीस्टच्या पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे पचवतात, ते उलगडल्याबद्दल. माणसाने आठवडाभर उपाशी राहावं, असं त्या संशोधनात सांगितलेलं नाही.

दीर्घ उपवासाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीचं. १९६५-६६ मध्ये तो ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. पण त्याच्यावर डॉक्टरांची देखरेख होती, रक्ताच्या तपासण्या होत, जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम दिलं जाई. त्या काळात अशा उपचारात काही रुग्ण दगावले आणि वैद्यकाने ही वाट सोडली.

भुकेचा परिणाम मनावरही होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे आणि उदास झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. तुमच्या घरातल्या भांडणामागे अशी भूकही असू शकते. तेव्हा ताटावर बसून वाद घालू नका. तो खात असेल त्या दिवशी शांतपणे विचारा, ‘तुला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं?’ तो चोरून भरपूर खाऊन मग शिक्षा म्हणून उपाशी राहत असेल, आरशापुढून हलत नसेल, वजन पुरेसं कमी होऊनही थांबत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

शंका : गेल्या वर्षी पाण्यावरच्या उपवासात सहाव्या दिवशी चक्कर येऊन पडले. ‘आता सोडलास तर कोप होईल,’ असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून नऊ दिवस पुरे केले आणि लगेच पुरणपोळीचं जेवण केलं. छातीत धडधड झाली. हा दोष कशाचा?
– एक सूनबाई, लातूर

समाधान : बाई, यात देवीचा कोप नाही आणि तुमचाही दोष नाही. पाच-सहा दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम गोड आणि भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांचे जेवू घातल्यावर मृत्यू झाले, त्यामागे हेच कारण होतं. तुमच्या छातीतली धडधड कशाची होती, हे डॉक्टरांना दाखवूनच कळेल. ते आजही दाखवा. पाच दिवसांहून जास्त काही खाल्लं नसेल, तर पारणंही त्यांना विचारूनच करावं आणि थोड्याथोड्या अन्नाने सुरुवात करावी.

सासूबाईंना हे वाचून दाखवा : आजारी माणसाचं व्रत पतीने, मुलाने किंवा दुसऱ्या प्रतिनिधीने पुरं करावं, अशी सोय शास्त्रातच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अती खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं म्हटलं आहे. सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या तपाला आसुरी म्हटलं आहे. यापुढे संकल्प सोडतानाच म्हणा, ‘प्रकृती साथ देईल तोवर करीन.’ आणि चक्कर आली, छाती धडधडली किंवा लघवी थांबली, तर त्याच घटकेला उपवास सोडून डॉक्टरांकडे जा. माझ्या मते, तो सोडणं हाही व्रताचाच भाग आहे.