नियमांच्या पायऱ्या

शाळा सोडून तीस-चाळीस वर्षे झालेली माणसे एकत्र जमली की बोलण्यात धडे क्वचित येतात, नियम हमखास येतात. दोन वेण्या, त्याही वर बांधलेल्या, आणि रिबिनी ठरलेल्या रंगाच्याच. प्रार्थनेच्या रांगेत नखांची तपासणी. हाताची घडी, तोंडावर बोट. मधल्या सुट्टीआधी डबा उघडायचा नाही. पेपर शाईच्या पेनानेच लिहायचा, कारण बॉलपेनने म्हणे अक्षर बिघडते. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तोंडून मराठी शब्द निघाला की दंड. काही वर्गांत डावखुऱ्या मुलाची पेन्सिल काढून उजव्या हातात दिली जाई. यांतले काही नियम आठवून माणसे खळखळून हसतात आणि काही आठवले की इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढतो. हा फरक कशामुळे पडतो, हे नुसत्या आठवणींत रमून कळत नाही. ज्या नियमाचे कारण सांगता येत नाही, तो पाळण्याचे बंधन माणसावर कोठून येते, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न त्यामागे उभा आहे.

प्राचीन विद्यार्थ्याचे नियम आजच्या शाळेपेक्षा कितीतरी जाचक होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला मध, मांस, सुगंध, माळा, काजळ, जोडे, छत्री, नाच, गाणे आणि वाद्ये यांची बंदी आहे. गुरूपेक्षा त्याचे आसन खाली हवे, त्याने गुरूच्या आधी उठावे व नंतर निजावे. गुरूशी बोलताना पडून, बसून, खाता खाता किंवा तोंड फिरवून बोलू नये. गुरूकडून आपल्याकडे किंवा आपल्याकडून गुरूकडे वारा वाहत असेल अशा जागी त्याच्यासोबत बसू नये, इतक्या तपशिलापर्यंत हे नियम जातात. अनध्यायाचे, म्हणजे अध्ययन बंद ठेवण्याचे नियम तर आजच्या वाचकाला थक्क करतील. धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडू लागले, कुत्रा, गाढव किंवा उंट ओरडत असला तर पठण थांबवायचे. आणि गुरुशिष्यांच्या मधून बेडूक, मांजर, साप, मुंगूस किंवा उंदीर गेला तर एक दिवस आणि एक रात्र सुट्टी. धुळीच्या वादळात पठण थांबवण्यामागचे कारण कोणालाही कळेल. बेडकाचे काय?

या प्रश्नाला सर्वांत शिस्तशीर उत्तर दिले ते वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी. त्यांच्या मते विधीचे फळ दृष्ट असते किंवा अदृष्ट: पहिले डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही आणि केवळ शास्त्रावरून मानावे लागते. त्यांचे नेहमीचे उदाहरण भाताचे आहे. यज्ञातल्या पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, साळीचे तूस काढायचे असते. ते उखळात कांडून निघते, तसे एकेक दाणा नखाने सोलूनही निघेल. वेद मात्र सांगतो की कांडावे. तूस निघणे हे दृष्ट फळ दोन्ही रीतींनी साधते. मग कांडण्याचाच आग्रह का? मीमांसकांचे उत्तर असे की अनेक साधनांपैकी एक ठरवून देणारा हा ‘नियमविधी’ आहे आणि ठरवून दिलेलेच साधन वापरल्याने एक सूक्ष्म अदृष्ट निर्माण होते. नखाने सोललेला तांदूळ तितकाच स्वच्छ असेल, पण यज्ञाला जे हवे ते त्यातून मिळणार नाही.

शाईच्या पेनाचा नियम नेमका या जातीचा आहे. गणिताचे उत्तर कोणत्याही पेनाने लिहिले तरी बरोबर ते बरोबरच. तरीही एकच साधन ठरवले जाते आणि त्याचे फळ विचारले की ‘शिस्त’ असे उत्तर मिळते. म्हणजे शाळेतली शिस्त मीमांसेतल्या अदृष्टाची जागा घेते: दिसत नाही, मोजता येत नाही, पण नियम पाळल्याने ती आत कोठेतरी साठते असे मानायचे. हे मानणे अगदीच पोकळ नाही. रोज ठरल्या वेळी ठरल्या रीतीने एखादी गोष्ट करण्याने माणूस घडतो, हे गायक, पैलवान आणि वारकरी तिघेही सांगतील. अडचण वेगळी आहे. शिस्तीचे नाव घेऊन कोणत्याही नियमाचे समर्थन करता येते आणि ज्या कारणाने सगळेच सिद्ध होते त्याने काहीच सिद्ध होत नाही. मीमांसकांना हा धोका ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी दंडक घातला की दृष्ट फळ हाती असताना अदृष्टाची कल्पना करायची नाही. अदृष्ट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

दृष्ट कारण सापडले की दरवेळी नियमाचे बळ वाढतेच असेही नाही. सोमयागात उंबराचा एक खांब रोवतात आणि त्याला स्पर्श करून उद्गात्याने साम गायचे असते. एक स्मृती सांगते की तो खांब संपूर्ण वस्त्राने गुंडाळावा. पूर्ण गुंडाळला तर स्पर्श कसा करणार? श्रुतीशी विरोध येत असल्यामुळे ही स्मृती प्रमाण नाही, असे शबरस्वामी जैमिनिसूत्रांवरील भाष्यात ठरवतात आणि पुढे जाऊन तिचा उगमही सांगतात: वस्त्राचा लोभ असलेल्या कोणी ऋत्विजांनी खांब पूर्ण गुंडाळला असावा आणि त्यातून ही स्मृती जन्मली असावी. वेदप्रामाण्यासाठी सारे आयुष्य वेचणाऱ्या परंपरेने नियमाच्या मागे लपलेला स्वार्थ शोधून तो नियम बाद करावा, ही फार मोठी गोष्ट आहे. गणवेश अमुक दुकानातूनच घ्यावा अशी चिठ्ठी घरी येते, तेव्हा त्या नियमाला लावायची कसोटी शबरस्वामींनी केव्हाच घालून दिलेली आहे.

मीमांसा नियमाचे बळ तपासते. नियमांच्या पायऱ्या मात्र स्मृती आणि योगशास्त्र यांनी मांडल्या. पतंजलींनी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम सांगितले, आणि जात, देश, काळ व प्रसंग यांची मर्यादा त्यांना नाही असे स्पष्ट केले. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे नियम त्यानंतर येतात. मनुस्मृतीचा चौथा अध्याय तर बजावतो की शहाण्याने यम सतत पाळावेत, नियम नित्य पाळले नाहीत तरी चालेल. यम सोडून केवळ नियमांना चिकटून राहणारा पतित होतो. अनध्यायाचे बारीकसारीक नियम सांगणारा हाच तो अध्याय. बेडूक आणि सत्य एकाच ग्रंथात नांदतात, पण एका पंक्तीला बसत नाहीत.

हा भेद बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांत, दंडसंहितेच्या रूपाने दिसतो. थेरवादी भिक्खूंच्या २२७ नियमांत पहिले चार पाराजिक: मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि आपल्याला अलौकिक सिद्धी लाभल्याचा खोटा दावा. यांतला एक जरी मोडला तरी तो माणूस भिक्खू राहत नाही. यादीच्या दुसऱ्या टोकाला ७५ सेखिय नियम आहेत, म्हणजे शिकाऊ माणसाने अंगी बाणवायचे वळण: चीवर नीट नेसावे, घास फार मोठा करू नये, तोंडात घास असताना बोलू नये, जेवताना चपचप आवाज करू नये. हे मोडल्यास हातून चुकीचे वर्तन घडले एवढी कबुली द्यायची. प्रत्येक नियमाची जन्मकथाही विनयात दिलेली आहे. कोसंबीला एका ब्राह्मणाने संघाला दूध प्यायला दिले, भिक्खू ते सुरसुर आवाज करत प्याले, आणि पूर्वी नट असलेला एक भिक्खू म्हणाला की सगळ्या संघाला थंडी भरलेली दिसते. बुद्धांनी आधी संघाची थट्टा केल्याबद्दल त्या भिक्खूला समज दिली आणि मग सुरसुर न करण्याचा नियम घातला. नियम का आला, कोणामुळे आला, हे पाळणाऱ्याला माहीत असणे ही विनयाची मोठी खूण. शाळेतल्या नियमांना अशी कथा क्वचितच असते. असली तरी ती सांगणारे शिक्षक निवृत्त झालेले असतात आणि नियम मागे उरलेला असतो.

क्षुल्लक नियम रद्द करणे किती कठीण असते, हेही विनयातूनच कळते. महापरिनिर्वाणापूर्वी बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला सांगितले की संघाला हवे असेल तर आपल्यामागे लहानसहान नियम काढून टाकावेत. लहानसहान म्हणजे कोणते, हे आनंदाने विचारले नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या सभेत, हा विषय निघाला तेव्हा थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंचे, एकमत होईना. कोणी म्हणाले चार पाराजिक सोडून बाकी सगळे लहान. कोणी ती रेषा आणखी खाली ओढली. अखेर महाकस्सपांनी ठराव मांडला की नवे काही घालू नये आणि जुने काही काढू नये. नाहीतर लोक म्हणतील, गौतमाचे नियम त्याच्या चितेचा धूर विरेपर्यंतच टिकले. न विचारल्याचा दोष आनंदावर आला. आपल्याला यात दोष दिसत नाही, तरी थेरांवरील श्रद्धेपोटी कबूल करतो, असे तो म्हणाला.

महाकस्सपांची भीती खोटी नव्हती. सुमारे १०० वर्षांनी वेसालीच्या भिक्खूंनी दहा सवलती घेतल्या: शिंगात मीठ साठवणे, मध्यान्हीनंतर सावली दोन बोटे सरकेपर्यंत जेवणे, अशा. वरवर पाहता हा काथ्याकूट वाटतो. पण याच यादीत सोने-चांदी स्वीकारण्याचाही मुद्दा होता. उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे भांडे मांडून वेसालीचे भिक्खू उपासकांकडून नाणी घेत, आणि यस या भिक्खूने हरकत घेतली ती हे पाहून. त्यासाठी भरलेल्या दुसऱ्या संगीतीने दहाही मुद्दे अमान्य केले. क्षुल्लक सवलतींच्या गर्दीत एक मोठी गोष्ट आत शिरू शकते हे खरे. मात्र त्यावरून मीठ आणि सोने एकाच वजनाचे ठरत नाहीत.

पायऱ्यांची अशी सरमिसळ झाली की जखम कशी होते, हे महात्मा गांधींच्या आत्मकथेतल्या एका प्रसंगात स्वच्छ दिसते. राजकोटच्या हायस्कुलात मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना व्यायाम सक्तीचा केला होता. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि व्यायामासाठी चार वाजता पुन्हा जायचे होते. मोहनदासकडे घड्याळ नव्हते, आभाळ भरून आल्याने वेळेचा अंदाज चुकला, आणि तो पोहोचला तेव्हा सगळे घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी खरे कारण सांगूनही त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि आणा-दोन आण्यांचा दंड झाला. व्यायामाची सक्ती त्याला नावडतीच होती. पण त्याला रडवले ते आपण खोटे ठरलो या गोष्टीने. नियमाची चूक सत्याची चूक म्हणून मोजली गेली. पुढे आश्रमात अतिशय कडक व्रते घालून घेणारा माणूस हाच. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी व्रतांचा जोरदार पुरस्कार केला आहे. म्हणजे कडकपणाशी त्यांचे भांडण नव्हते. आपण होऊन बांधून घेतलेले व्रत आणि बाहेरून लादलेली सक्ती यांचा कडकपणा सारखा असला तरी त्यांची मुळे निराळी असतात.

मुलांना हा भेद किती लवकर कळतो, यावर विसाव्या शतकात बरेच संशोधन झाले. लहान मुले नियमांना मोठ्यांनी दिलेले, अचल मानतात आणि नियम परस्परसंमतीने बदलता येतात हे त्यांना पुढे उमगते, असे झाँ पियाजे यांनी १९३२ च्या ग्रंथात गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून मांडले. इलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला मुरड घातली. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात गणवेशाशिवाय यावे का, या प्रश्नाला अगदी लहान मुलेही ‘हो’ म्हणतात. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारावे का, याला ‘नाही’ म्हणतात. लॅरी नूची यांनी अमेरिकेतल्या आमिश मुलांना विचारले, की देवाने मनाई केली नसती तर रविवारी काम करणे चालले असते का? बहुतेकांनी होकार दिला. पण देवाने चोरी करा म्हटले असते तर चोरी योग्य ठरली असती का, याला बहुतेकांचा नकार होता.

या निष्कर्षांना भारतातूनच आव्हान मिळाले. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरमध्ये केलेल्या, १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणे हे अत्यंत गंभीर दुष्कृत्यांत गणले गेले. परक्याला जो रिवाज वाटेल तो तिथे पाप होता. मात्र त्या लोकांच्या दृष्टीने अशा वागण्याने मृत पित्याच्या आत्म्याला इजा होते. म्हणजे नियमाची पायरी त्यांनीही इजेवरूनच ठरवली; इजा कोणाला पोहोचू शकते याबद्दलची त्यांची समजूत तेवढी व्यापक होती. रिबिनीचा रंग चुकल्याने कोणाला इजा होते असे कोणत्याही शाळेला वाटत नाही. उलट डाव्या हाताची पेन्सिल हिसकावण्याने आणि घरची भाषा बोलल्याबद्दल दंड करण्याने इजा होतेच, आणि ती मुलाला होते. असे नियम वेडगळांच्या यादीत घालून हसण्यावारी नेणे बरोबर नाही.

विद्यार्थ्याचा धर्म आणि शाळेचा नियम समोरासमोर आले की या पायऱ्यांची खरी परीक्षा होते. १९८५ साली केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार प्रार्थना फक्त यहोवाची. चौकशी आयोगाला त्यांच्या वागण्यात राष्ट्रगीताचा अनादर आढळला नव्हता. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात निकाल फिरवला. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचे बळ नाही. नीट उभे राहण्यात आदर आहेच. आणि केवळ परिपत्रकाच्या आधारे अभिव्यक्तीचे आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुलांना पुन्हा शाळेत घ्यावे आणि त्यांचे शिक्षण विनाअडथळा पुढे चालू द्यावे, असा आदेश देण्यात आला.