चोखोबांच्या अस्थी

माउली, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहणारे माथाडी आपलेच; कितीकांच्या गळ्यात तुळशीची माळ. ओझ्याची झीज मणक्यांवर, सांध्यांवर उमटते. देह मातीत ठेवला, तर ही खूण किती टिकेल?

ते मातीवर आहे. कोकणच्या जांभ्या मातीत आम्ल असते, वर धो धो पाऊस. हाडातला चुना विरघळून वाहून जातो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत हाड तग धरते. घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे 3000 वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळाले. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लेकरेसुद्धा. हाडा-दातांवरून वय कळते, आजार कळतो, उपासमारही कळते. कोणाला उंबऱ्याबाहेर थांबवले होते, ते कळत नाही.

आता मंगळवेढे आठवा. ज्वारीची तीच काळी माती. परंपरा सांगते, 1338 साली गावकुसाचे बांधकाम कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेवराय आले, तेव्हा साऱ्यांच्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या. मातीने भेद केला नव्हता. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या त्यांनी पंढरीस आणल्या.

समाधी कुठे झाली? महाद्वारासमोर. म्हणजे बाहेरच! त्यांच्या लेकरांना राऊळ उघडायला साने गुरुजींचे उपोषण आणि 1947 साल यावे लागले.

आणि ते बाकीचे मजूर? त्यांच्याविषयी कथा गप्प आहे. चोखोबांना मात्र त्या प्रत्येकाचे नाव ठाऊक असणार. शेजारीच तर दगड उचलत होते.