रविवारचा खाडा

आज रविवार. उशिरा उठलो, बसल्या जागेवरून दुसरा चहा मागितला आणि तो आलाही.

मुंबईच्या गिरणी कामगाराला ही सुट्टी सुखासुखी मिळाली नव्हती. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून तिच्या मागे होते. सभा, अर्ज, सह्या, पुन्हा सभा. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि 10 जूनला मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. त्या एप्रिलच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकलेली असते. त्या काय बोलल्या असतील, यावर माझं मन दर रविवारी अडतं.

पण त्या दोघी निदान हजेरीपटावरच्या तरी होत्या. गिरणगावातल्या खानावळवालीचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. कोकणातून, घाटावरून आलेले गडी गाळ्यात दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला तिच्याकडे. पुढे पाळ्या तीन झाल्या, म्हणून तिची चूलही तीन पाळ्यांची. गडी गावी गेला की त्याचा खाडा धरायचा, तेवढे पैसे कापायचे. तिचा खाडा कोण धरणार? रविवारी तर सगळेच घरी, म्हणजे पंगत मोठी.

पैसे पगाराला. संप झाला की पगार नाही, आणि भूक मात्र रोजची. मग ती वाण्याकडे उधारी वाढवायची, सावकाराचं व्याज सोसायची, किडूकमिडूक गहाण टाकायची. पण ताट मांडायची. संप किती दिवस टिकला हे आपण पुढाऱ्याच्या नावाने मोजतो. माझ्या मते तो पिठाच्या डब्यावर मोजायला हवा.

खानावळवालीचं हे ओझं हेरलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत मुरलेल्या या बाईंनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेलं. जामिनाला काय, तर एकमेकींचा शब्द.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. बरेचसे गावी गेले, त्यांतले अनेक परतलेच नाहीत. त्यांच्या नावापुढची उधारी खानावळवालीच्या वहीत तशीच राहिली.

चहाचा कप अजून इथेच आहे. मोरीत नेऊन विसळतो.