रफार कुठे गेला?

बसा. आज तास होणार नाही, आज ऐकून घ्यायचं आहे.

बग नोंदवायचं साधन निवडायला तुम्ही चौघांनी ९ आठवडे घेतलेत. तुमचा तक्ता पाहिला मी. बगझिला, मँटिस, रेडमाइन, ट्रॅक, गिटहब, गिटलॅब, आणि प्रत्येकापुढे २३ रकाने. याच ९ आठवड्यांत लोकांनी ईमेलवर २७ तक्रारी पाठवल्या. उत्तरं किती गेली? खाली बघू नका. ३ गेली.

त्या तक्रारींत एका निवृत्त गृहस्थांची पत्रं आहेत. छापखान्यात जन्मभर अक्षरजुळणी केलेला माणूस. जुन्या फॉन्टमधला मजकूर तुमच्या प्रोग्रॅमने युनिकोडमध्ये नेला की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो, ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो, हे त्यांनी ३ वेळा कळवलं. ‘चालत नाही’ एवढं लिहून मोकळे झाले नाहीत ते. मूळ ओळ दिली, निघालेली ओळ दिली, फॉन्टचं नाव दिलं. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्यातला र अक्षराच्या आधी साठवावा लागतो, तेव्हा गडबड तिथेच असणार, हेसुद्धा त्यांनीच शोधून दिलं. अशी तक्रार लिहिणारा माणूस मिळायला भाग्य लागतं रे! आणि तुम्ही त्यांना काय पाठवलंत? खातं उघडा, पासवर्ड ठेवा आणि इंग्रजीतले १४ रकाने भरा. त्यानंतर त्यांचं पत्र नाही. ५ आठवडे झाले.

तुम्ही शेवटी निवडलेलं बगझिला वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. १९९८ साली ते मोझिलासाठी घडवलं गेलं. अवाढव्य ब्राउझर, त्यावर खपणारी असंख्य माणसं; कुठला भाग कोणाच्या गळ्यात, हे तिथे लिहून ठेवावंच लागतं. तुम्ही चौघे. ‘विभाग’ या रकान्यात तुम्ही ७ पर्याय भरलेत, त्यांतल्या तीन विभागांना वाली नाही. शिवाय पर्ल, डेटाबेस, ईमेलची जोडणी, सुरक्षेच्या दुरुस्त्या, बॅकअप... परीक्षेच्या महिन्यात हे कोण सांभाळणार होतं? दिवाळीत सर्व्हर ४ दिवस बंद पडला होता. एकालाही पत्ता नव्हता.

डेबियन केवढा प्रकल्प आहे, माहीत आहे ना? तिथे आजही बग ईमेलने नोंदवता येतो, खातं काढावं लागत नाही. डोनाल्ड कनूथ एकटे टेक या आपल्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममधली प्रत्येक चूक टिपून ठेवत. चूक दाखवणाऱ्याला बक्षिसाचा धनादेश पाठवत, आणि त्या चुकांवर त्यांनी १९८९ साली लेख छापला. चूक दाखवणाऱ्याचा मान कसा राखतात, ते तिथे बघा. तुमच्या २३ रकान्यांत ‘तक्रार करणाऱ्याला किती त्रास?’ हा रकानाच नाही.

निवड अर्ध्या तासाची होती. तुमचा कोड गिटहबवर आहे, तिथलं इश्यूंचं पान चालू करायचं. लेबलं तीनच: चूक, मागणी, प्रश्न. गिटहबलाही खातं लागतं, म्हणून ईमेलचा पत्ता तसाच ठेवायचा, आणि आलेली तक्रार तुमच्यापैकी एकाने तिथे उतरवायची. दर आठवड्याला पाळी बदलायची. हे काम तुमचं आहे, त्या गृहस्थांचं नाही.

एक गोष्ट मात्र खरंच तपासायला हवी होती आणि तीच तुम्ही सोडलीत: नोंदी बाहेर काढता येतात का? गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथल्या प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं. पायथॉनने २०२२ मध्ये वर्षानुवर्षांच्या नोंदी राउंडअप या साधनातून गिटहबवर नेल्या, कारण त्या त्यांच्या हातात होत्या. गिटहबच्या एपीआयमधून नोंदी उतरवता येतात. महिन्यातून एकदा उतरवा आणि प्रत आपल्याजवळ ठेवा.

तो तक्ता आता मिटवा. राहिलेल्या २४ तक्रारी आपसात वाटून घ्या, शनिवारपर्यंत प्रत्येकीला उत्तर गेलं पाहिजे. बग सुटला नसेल तर सुटला नाही असं लिहा, पण लिहा.

आणि तू, मागच्या बाकावरची. तो १४ रकान्यांचा फॉर्म तुझा ना? मग त्या गृहस्थांना पत्र तू लिहायचंस, आजच, मराठीत. आधी माफी माग, मग रफाराचं काय करतो आहोत ते सांग. मला प्रत नको. त्यांचं उत्तर आलं की ते घेऊन ये.